तिघांची वाटणी

या सदरातून बाळांविषयी लिहायला लागल्यापासून जी पत्रं येतात, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. 'आमच्या एकाच बाळाने रात्रीची झोप उडवली आहे. तुम्ही तिघांना एकटीने कसं सांभाळलंत?' कुणी कौतुकाने विचारतं, कुणी काळजीने. उत्तर अगदी सोपं आहे. मी एकटीने सांभाळलं नाही. सांभाळायला गेले होते, पण ते चांगलंच अंगाशी आलं. आज तीच गोष्ट सांगते.

२०२२च्या नोव्हेंबरात इथे जबलपूरला मला तिळी मुलं झाली. आधी मुलगी, मग मुलगा आणि शेवटी पुन्हा मुलगी. तिळं असल्याचं तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक... दोन... जरा थांबा हं." त्या 'थांबा'नंतर हे जे स्टुलावर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

घरी बातमी कळल्यावर एका दूरच्या आत्याबाईंनी फोनवरून उसासा टाकला, "तीन तिगाडा, काम बिगाडा!" सासूबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "दत्तमहाराजांनाही तोंडं तीनच आहेत. त्यांचं कुठे काय बिघडलं?" त्यानंतर आत्याबाईंनी तो विषय काढला नाही.

तिळी मुलं होणं पूर्वी फारच दुर्मीळ. हेलिन नावाच्या एका संशोधकाने १८९५ साली त्याचा एक ढोबळ हिशेब मांडला होता. साधारण ८९ बाळंतपणांत एकदा जुळं, आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे ७,९२१ बाळंतपणांत एकदा तिळं. पुढे वंध्यत्वावरचे उपचार आले आणि हा हिशेब बदलला. पण घरात तीन पाळणे हलायला लागले की आकडेमोड कुणाच्या कामाची? आमच्या घरात त्यानंतर एकच गणित उरलं, ग्रॅमचं.

तिळी मुलं सहसा पूर्ण दिवसांची नसतात. आमचीही तेहतिसाव्या आठवड्यात आली. थोरली १ किलो ८०० ग्रॅम, मधला १ किलो ७०० आणि धाकटी १ किलो २५० ग्रॅम. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या पेटीत होती. नाकातून नळी, डोक्याला मुठीएवढं टोपडं. तिच्या हाताची पाचही बोटं माझ्या एका बोटाच्या पेरावर मावत होती.

थोरली आणि मधला अडीच आठवड्यांनी घरी आले. धाकटी मागे राहिली. मी घरी दूध काढून द्यायची आणि हे खमरियाच्या कारखान्यात ड्यूटीवर जाताना आणि येताना बर्फाच्या डब्यातून ते रुग्णालयात पोहोचवायचे. मी एक दिवसाआड जायची. पण घरी दोन बाळं रडत असताना तिथे मन लागायचं नाही, आणि तिथून निघताना पाय उचलायचा नाही.

आता जे सांगणार आहे, ते तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत मला हळूहळू दोनच मुलांची सवय झाली. थोरलीचं रडणं कोणतं आणि मधल्याचं कोणतं, हे मला डोळे मिटूनही ओळखू यायचं. आणि डिसेंबरच्या शेवटी, ऐन कडाक्याच्या थंडीत धाकटी घरी आली तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी बाळ आपल्याकडे सांभाळायला ठेवलंय. पोटच्या मुलीविषयी असं वाटावं? मला माझीच भीती वाटली.

या भीतीवर मी जो उपाय शोधला, तो म्हणजे काटेकोर न्याय. तिघांमध्ये तसूभरही डावं-उजवं करायचं नाही! सासूबाईंनी विणलेली लाल, पिवळी आणि हिरवी टोपडी तिघांना नेमून दिली. एक दोनशेपानी वही आणली. दूध, शू, शी, औषध असे रकाने आखले. दर दोन तासांनी प्रत्येकाला पाजायचं, प्रत्येकाला घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटं. कुणाला मिनिटभर जास्त नाही, मिनिटभर कमी नाही.

गणित करून बघा. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला बारा वेळा. गुणिले तीन, छत्तीस. छत्तीस वेळा पाजायचं, छत्तीस वेळा खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि मधल्या वेळात तीसेक लंगोट बदलायचे. अंगणातल्या दोऱ्यांवर लंगोट असे फडकत असायचे की रस्त्यावरून जाणारे मान वळवून बघायचे. त्यात जानेवारीचं धुकं. दुपारपर्यंत काही वाळायचं नाही. मग हे रात्री इस्त्री फिरवून लंगोट वाळवायचे.

मदत नव्हती असं नाही. सासूबाई होत्या. नागपूरहून आई डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन आली होती. शेजारच्या चाचीजी सकाळीच सुंठ-गुळाचा हरीरा पाठवायच्या. एकीकडून अळिवाची खीर, दुसरीकडून हरीरा, माझं कौतुक दोन भाषांत चाललं होतं. पण कुणी "दे, मी घेते एकाला" म्हटलं की मी म्हणायची, "नको, पाळी चुकेल." चाचीजी एकदा हसून म्हणाल्या, "बहू, बच्चे तीन हैं, हाथ तो दो ही हैं न?" मीही हसले, पण बाळ काही दिलं नाही. मनात एकच धास्ती होती, हिला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर ती माझी कधी होणारच नाही.

मग आला वजनाचा दिवस.

धाकटी घरी आल्यानंतरची ती पहिली तपासणी. तिघांना गुंडाळून ऑटोरिक्षाने गेलो. थोरली आठवड्यात २१० ग्रॅमने वाढली होती, मधला १९० ग्रॅमने. धाकटीला काट्यावर ठेवलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, तिला उचललं आणि पुन्हा ठेवलं. ४० ग्रॅम. साऱ्या आठवड्यात फक्त ४० ग्रॅम!

मी वही पुढे केली. "बघा ना डॉक्टर, तिघांना अगदी सारखं पाजलंय. एकही पाळी चुकलेली नाही."

डॉक्टरांनी वही शांतपणे चाळली. मग म्हणाले, "वही उत्तम आहे. पण तुम्ही दूध बाळाला पाजताय की घड्याळाला?"

मग त्यांनी जे समजावलं, ते लहान चणीचं बाळ असलेल्या प्रत्येक आईला ठाऊक हवं. चोखणं हे बाळाच्या दृष्टीने कष्टाचं काम. अशक्त बाळ चार-पाच मिनिटांतच दमतं आणि छातीशीच झोपी जातं. आपल्याला वाटतं, दहा मिनिटं प्यायलं. प्रत्यक्षात ते निम्मा वेळ झोपलेलं असतं. शिवाय अंग थंड पडलं, तर प्यायलेल्या दुधातली ताकद ऊब राखण्यातच खर्च होते, वाढीला उरत नाही. त्यांनी वहीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. थोरली आणि मधला दिवसातून सात-आठ वेळा लंगोट ओले करत होते, धाकटी जेमतेम चार वेळा. दिवसाला निदान सहा ओले लंगोट ही दूध पुरत असल्याची खूण. म्हणजे उत्तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी रोज ते लिहीत होते आणि वाचत मात्र नव्हते.

घरी येऊन मी खूप रडले. मनातली ती गोष्ट, धाकटी परकी वाटत असल्याची, त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाईंसमोर बाहेर पडली. मला वाटलं, त्या कानावर हात ठेवतील. त्यांनी माझ्या हातातली वही काढून बाजूला ठेवली आणि विचारलं, "पंगतीत वाढताना तू सगळ्यांच्या पानात मोजून सारखंच वाढतेस का? दात नसलेल्या म्हाताऱ्याला मऊ भात वाढतो, कष्टाचं काम करून आलेल्याला चार पोळ्या जास्त. त्याला कुणी अन्याय म्हणतं का? आणि ओळखीचं म्हणशील, तर तीन आठवडे जिला धड कुशीत घेतलं नाहीस, ती एका दिवसात ओळखीची कशी होईल? घे तिला. या दोघांचं आम्ही बघतो."

त्या दिवसापासून आमच्या घरची वाटणी बदलली. थोरली सासूबाईंकडे. मधला दिवसा आईकडे आणि रात्री दहा ते दोन ह्यांच्याकडे. ह्यांची पंधरा दिवसांची पितृत्व रजा केव्हाच संपली होती. तरी दोन वाजेपर्यंत जागून ते सकाळी ड्यूटीवर जात. चाचीजी दुपारी दोन तास येऊन बसत, म्हणजे आई आणि सासूबाईंना पाठ टेकता येई. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघा मोठ्यांना काही वेळा वरचं दूध सुरू केलं. उकळलेलं पाणी, डब्यावर लिहिलेलं माप आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा. त्या दिवशीही माझे डोळे भरून आले होते. आईला वाटतंच की आपण कमी पडलो. खरं तर दूध जितकं पाजावं वा काढावं तितकं जास्त येतं, पण तिघांना पुरेल इतकं सगळ्याच जणींना येत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला द्यावं लागतं, हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी कुठल्याही आईला कमीपणा दिला नाही. मग मीच मला का द्यावा?

आणि धाकटी आली माझ्या छातीशी. अगदी शब्दशः. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अंगावर फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून तिला माझ्या उघड्या छातीवर उभी धरायची, वरून शाल गुंडाळायची आणि दिवसातले जमतील तितके तास तसंच राहायचं. हिला 'कांगारू' पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण तिथे बाळं जास्त होती आणि काचेच्या पेट्या कमी. आईची ऊब हीच पेटी! तिथून ही पद्धत जगभर गेली. तिला विजेचं बिल येत नाही. फक्त एका माणसाला बाकीच्या कामांतून मोकळं करावं लागतं, आणि आपल्या घरांत नेमकं तेच अवघड असतं.

आता घड्याळ नव्हतं. ती पीत असे तोवर पाजायचं. दमली की थांबायचं, तळपायाला हळूच गुदगुली करून जागं करायचं. राहिलेलं काढून वाटी-चमच्याने द्यायचं. कधी अर्धा तास लागे, कधी पाऊण. तिसऱ्या की चौथ्या रात्री शालीखाली तिने मान किंचित वळवली, गाल माझ्या छातीला घासला आणि एक सुस्कारा टाकला. एवढंच. पण मला कळलं, आता हिचं रडणं मी अंधारातही ओळखणार.

संक्रांतीच्या दिवशी शेजारपाजारचे लोक पहाटेच नर्मदेवर ग्वारीघाटाला गेले होते. आम्ही मात्र वजनकाट्याच्या तीर्थाला जाऊन आलो होतो. धाकटीची वाढ, आठवड्यात १८० ग्रॅम! "तिळ्यांची पहिली संक्रांत," म्हणत सासूबाईंनी दुपारच्या उन्हात तिघांना मांडीवर घेऊन बोरन्हाणाची हौस भागवली. बोरं लागतील म्हणून डोक्यावरून फक्त चुरमुरे, तेही मोजून पाच-पाच. ती एक वाटणी मात्र सारखी झाली.

ज्यांच्या घरी जुळी, तिळी किंवा अगदी एकच पण नाजूक बाळ आलं आहे, त्यांना अनुभवाने दोन गोष्टी सांगाविशा वाटतात. वही जरूर ठेवा, पण ती वाचा. सारखं किती दिलं ते नव्हे, कुणाला किती पोहोचलं ते बघा. आणि मदतीला आलेल्या माणसाला चहा देऊन परत पाठवू नका, त्याच्या हातात बाळ द्या.

बाळंतिणीच्या घरच्यांनाही एक सांगणं. पहिल्या काही दिवसांत तिचे डोळे उगाच भरून येतात, ते बहुतेक वेळा आपोआप सावरतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदासच असेल, बाळ परकं वाटतं म्हणत असेल, तर तिला उपदेश करू नका. डॉक्टरांकडे न्या. माझ्यापाशी ऐकून घेणारी सासू होती. प्रत्येकीपाशी असतेच असं नाही.

पहिल्या वाढदिवसाला तिघं एका सतरंजीवर बसली होती. थोरलीने आपल्या वाटीतला शिरा संपवून मधल्याच्या वाटीत हात घातला. मधल्याला त्याचं काही नव्हतं, त्याला फक्त चमचा वाजवायचा होता. आणि धाकटी माझ्या मांडीवर बसून एकेक घास सावकाश, पाऊण तास लावून खात होती.

आत्याबाई कौतुकाने बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "हिला जरा जास्तच वेळ देतेस गं तू."

"हो," मी म्हटलं, "तिला तेवढाच लागतो."