पेढीची जाण आणि प्रोग्रामची समज

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांची ही जुनी बाजारपेठ. अशा गावांतील व्यापारी घरांतून शिकलेली मुले आता पुण्या-बंगळूरला संगणकाच्या क्षेत्रात जातात. चार-सहा वर्षे प्रोग्राम लिहिल्यावर त्यांतला एखादा दिवाळीला घरी येतो आणि सांगतो, "अण्णा, मी आता कोड लिहीत नाही. प्रॉडक्ट मॅनेजर झालो." गादीवर बसलेल्या अण्णांना प्रश्न पडतो की, एवढा खर्च करून शिकवलेली विद्या बाजूला ठेवून हा करतो तरी काय? हाताखाली माणसे नाहीत, हातात कसब दिसत नाही, मग पगार कशाचा?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र संगणकात नसून साबणाच्या वडीत आहे. १९३१ साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या 'प्रॉक्टर अँड गॅम्बल' कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण 'कॅमे' साबणाचे काम पाहत होता. त्याच कंपनीच्या 'आयव्हरी' साबणापुढे कॅमेकडे पुरेसे लक्ष जात नव्हते. तेव्हा त्याने वरिष्ठांना सुमारे तीन पानांचे टिपण लिहिले. प्रत्येक मालाची पूर्ण जबाबदारी एका माणसावर असावी, माल कुठे खपतो आणि कुठे अडतो याचा त्याने शोध घ्यावा, कारण शोधून उपाय करावा, असा त्याचा आशय होता. हा मॅकेलरॉय पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही. प्रॉडक्ट मॅनेजर या पदाचे मूळ त्याच टिपणात मानले जाते. म्हणजे हे काम बाजारात जन्मले. संगणकाच्या क्षेत्राने ते पुढे आपलेसे केले.

कोणासाठी काय बनवायचे, आधी काय, नंतर काय आणि काय मुळीच बनवायचे नाही, हे ठरवणे म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर त्याची हुकमत नसते. त्याला कारण पटवून द्यावे लागते. चुकीचा माल भरला तर दुकानदाराचे भांडवल अडकते. चुकीचे काम निवडले तर वीस जणांचे सहा महिने वाया जातात. तो धोका पत्करण्याचा हा पगार.

व्यापाराची जाण आणि प्रोग्रामची समज एका घरात आली की काय घडते, याचे उदाहरण अनेक पेढ्यांवर रोज उघडले जाते. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवण्यास मनाजोगता प्रोग्राम मिळेना. त्यांचे चिरंजीव भरत यांनी तो लिहिला. १९८६ साली बंगळूरमध्ये त्यातून कंपनी उभी राहिली आणि पुढे 'टॅली' हे नाव घरोघरी झाले. काय हवे ते वडिलांना ठाऊक होते, कसे करावे ते मुलाला.

मराठी मुलखातील उदाहरण 'क्विक हील'चे. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत पुन्हा पुन्हा व्हायरसच सापडत असे. गिऱ्हाइकाचे हे दुखणे थोरल्याने दुकानात ओळखले आणि त्यावरचा प्रोग्राम धाकट्याने लिहिला. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात नोंदवली गेली.

या दोन्ही घरांत दोन प्रकारची बुद्धी दोन डोक्यांत होती. प्रोग्रामर असून प्रॉडक्ट मॅनेजर झालेल्या माणसाला ती एकाच डोक्यात नांदवावी लागते आणि तिथेच खरी परीक्षा आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. दुकानात साखरेची दहा पोती सकाळीच उतरली आहेत, पण खरेदीचे बिल संगणकात चढवलेले नाही. दारात गिऱ्हाईक उभे आहे. विक्रीचे बिल करू जाता संगणक म्हणतो, शिल्लक शून्य. प्रोग्रामरचा तर्क सरळ असतो : शून्यातून पाच वजा होत नाहीत, म्हणून विक्री अडवावी. व्यापाऱ्याचा तर्क निराळा : माल डोळ्यांसमोर आहे, गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही, शिल्लक उणे दिसू दे, सूचना दे, संध्याकाळी बिल चढवू. औषधाच्या दुकानात मात्र ज्या औषधाची तुकडी आणि मुदत यांची नोंदच नाही, त्याचे बिल होऊ न देणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे हा गणिताचा प्रश्न नव्हेच. कोणाच्या दुकानात काय चुकले तर किती नुकसान, याचा हा प्रश्न आहे. तो सोडवायला गल्ल्याशेजारी बसावे लागते.

प्रोग्रामिंगची पार्श्वभूमी असलेल्याचा मोह असा की, गिऱ्हाइकाचे बोलणे अर्धे ऐकताच त्याच्या डोक्यात उपाय तयार होतो. तो उपाय सुबक असतो, पण कधी कधी दुसऱ्याच दुखण्यावरचा. दुसरा मोह आपल्याच सहकाऱ्यांच्या कामात हात घालण्याचा. "हे तर दोन दिवसांचे काम," असे तो बोलून जातो. ते दोन दिवस त्याच्या जुन्या हाताचे असतात; करणाऱ्याला दोन आठवडे लागणार असतात. कोणी रात्री बसून स्वतःच दुरुस्ती करून टाकतो आणि आपण मदत केली असे समजतो. ज्याचे काम त्याने परस्पर केले, त्याच्या मनात मात्र अविश्वासाची नोंद होते.

तीच पार्श्वभूमी नीट वापरली तर मोठे भांडवल ठरते. बिलात "फक्त एक रकाना वाढवा" अशी मागणी आली, तर त्यामागे जुन्या बिलांचे काय, कराच्या विवरणपत्रात तो कुठे जाईल, छपाईची पट्टी पुरेल का, हे सारे त्याला दिसते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा एका कायद्यामुळे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये किती ठिकाणी हात घालावा लागतो, हे व्यापाऱ्यांनीही अनुभवले. विक्री विभागाने भलते वचन देण्याआधी असा माणूस नम्रपणे थांबवू शकतो. आणि "हे होणार नाही" असे कोणी आळसाने म्हटले, तर योग्य प्रश्नही विचारू शकतो.

या बदलात एक तोटाही असतो आणि घरच्यांनी तो समजून घ्यावा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला संध्याकाळी आपले काम चाललेले दिसते. प्रॉडक्ट मॅनेजरचा दिवस बैठकांत आणि टिपणांत जातो. फळ दिसायला महिने लागतात आणि श्रेय अनेकांत वाटले जाते. हातचे कसब हळूहळू गंजते, याची रुखरुख अनेकांना लागते. म्हणून हे पद म्हणजे बढतीच, असे धरून चालू नये. उत्तम प्रोग्रामर राहणे हाही तितकाच मानाचा मार्ग आहे. वर्ष-दोन वर्षांनी कोणी परत कोड लिहायला वळला, तर त्यात कमीपणा मानू नये.

अशा मुलाला "तुझ्या हाताखाली किती माणसे?" असे विचारण्यापेक्षा सुट्टीत एक दिवस दुकानात बसवावे. संगणक असूनही अण्णा उधारी लाल कापडाच्या वहीतच का लिहितात, हे त्याला तेथे दिसेल. घाटमाथ्याच्या पावसात वीज गेली तरी वही चालते. देणेकऱ्यासमोर ती उघडली की तो स्वतःची सही ओळखतो आणि पुढची बोलणी शांतपणे होतात. चांगला प्रॉडक्ट मॅनेजर ती वही बंद करा असे म्हणणार नाही. ती कोणकोणती कामे करते, याची यादी तो आधी करील. ती यादी करताना अण्णांच्या शेजारी बसून त्याला बरेच विचारावे लागेल. आणि मुलगा काय काम करतो, या अण्णांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना त्या दिवशी आपोआप मिळेल.