वर्गातला खाऊ सगळ्यांना चालावा

नांदुऱ्यातील माझ्या शिकवणीच्या वर्गात वाढदिवसाला पेढे वाटतात. एक मुलगा दर वेळी पेढा दप्तरात ठेवायचा. विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, दुधाचं खाल्लं का पोट दुखते." मुले हसली. मला मात्र माझीच लाज वाटली. दोनदा मीच त्याला आग्रह केला होता.

दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविण्यास लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. वयाबरोबर ते अनेकांत कमी होते. मग पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. हे नखरे नव्हेत. दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. ती प्रथिनांची असते आणि तीत थोडेसे दूधही धोक्याचे ठरू शकते. यातले नेमके काय, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

पुढच्या वाढदिवसाला मी घरून रोडगे नेले. जाडसर कणीक, तुपाऐवजी तेलाचे मोहन, पोटात भाजलेल्या तिळाचे व गुळाचे सारण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजलेले. तीळही काहींना सोसत नाहीत, म्हणून आधी विचारून घेतले. त्या दिवशी दप्तरात काहीच गेले नाही.

गूळही शेवटी साखरच, तेव्हा तुकडा लहानच बरा. दूध वर्ज्य असलेल्या मुलाला कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ द्यावेत. वनस्पतिजन्य आहारात ब-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. दही-ताकही चालत नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पालकहो, पंगतीत पान वाढण्यापूर्वी आपण उपास विचारतो. वर्गात खाऊ वाटण्यापूर्वीही एवढे विचारायला काय हरकत आहे?