दोन मुलांची बाबागाडी कोल्हापुरात चालवायची कुठे? घरातला हिशेब आणि फुटपाथचा कायदा

घरात दोन वर्षांचं एक मूल आहे आणि दुसरं नुकतंच जन्माला आलंय. थोरलं चालतं, पण दोनशे पावलांनंतर हात वर करून 'उचल' म्हणतं. धाकट्याला मानही सावरत नाही. अशा वेळी मोबाइलवर 'डबल स्ट्रोलर' शोधणाऱ्या आईबाबांना शेकडो मॉडेल्स दिसतात. ती गाडी ताराबाई रोडवरून किंवा राजारामपुरीच्या गल्लीतून ढकलता येईल का, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

हा प्रश्न वरवर खरेदीचा वाटतो. पण त्याच्या मागे दुचाकीचे नियम, फुटपाथची रुंदी आणि सुप्रीम कोर्टाचे दोन आदेश आहेत. एकेक करून समजून घेऊया.

दुसऱ्या मुलानंतर नेमकं काय बदलतं?

कोल्हापुरात घरचं वाहन म्हणजे बहुतेकदा दुचाकी. एक मूल असेपर्यंत ती कशीबशी पुरते. दुसरं आलं की कायदाच आडवा येतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय फक्त एकच व्यक्ती बसू शकते. लहान मुलांना यातून सूट द्यावी, अशी मागणी २०२३ मध्ये केरळमधून झाली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ती मान्य केली नाही. म्हणजे एक पालक आणि दोन मुलं हीसुद्धा 'ट्रिपल सीट'च.

शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने आणखी एक नियम काढला, जो वर्षभराने लागू झाला. ९ महिने ते ४ वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं असेल तर त्याला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा, डोक्याला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. नऊ महिन्यांखालच्या बाळाला तर दुचाकीवर नेणंच सुरक्षित नाही.

मग उरतं काय? रिक्षा, कार किंवा पायी चालणं. लसीकरणाचा दवाखाना, बालवाडी, किराणा, संध्याकाळची बाग ही कामं घराच्या एक-दीड किलोमीटरच्या आतली असतात. प्रत्येक वेळी रिक्षा परवडत नाही आणि कारला पार्किंग मिळत नाही. एकटी बाई दोन मुलं घेऊन पायी निघू शकते की घरातच अडकून पडते, हे इथे ठरतं. बाबागाडी म्हणूनच चैनीची वस्तू राहत नाही.

डबल बाबागाडीचे प्रकार कोणते?

मुख्य प्रकार दोन. पहिला शेजारी-शेजारी बसायचा. दोन्ही मुलांना समोरचं दिसतं, दोघांकडे सारखं लक्ष देता येतं, वळवायला सोपी जाते. पण रुंदी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर असते.

दुसरा पुढे-मागे बसायचा. याची रुंदी साध्या बाबागाडीइतकीच, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपास. पण लांबी वाढते, वळण घेताना जागा जास्त लागते आणि पायरी किंवा कठडा चढवताना पुढचं चाक उचलायला जोर लागतो.

रुंदीचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. होंडा अ‍ॅक्टिव्हाची रुंदी साधारण ७० सेंटिमीटर आहे. म्हणजे शेजारी-शेजारी बसायची बरीच मॉडेल्स स्कूटरपेक्षा रुंद असतात. बागेच्या किंवा फुटपाथच्या तोंडाशी दुचाकी घुसू नये म्हणून लोखंडी खांब लावलेले असतात. जिथून स्कूटर जात नाही, तिथून ही गाडीही जाणार नाही.

आता वजन. दोन वर्षांचं मूल ११ ते १२ किलोचं, नवजात बाळ ३ किलोच्या आसपास आणि गाडी १० ते १५ किलोची. पाण्याची बाटली आणि डायपरची पिशवी धरली तर ढकलायचं ओझं २५ ते ३० किलोंच्या घरात जातं. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. खड्डा, गटाराची जाळी किंवा इमारतीच्या चार पायऱ्या आल्या की जाणवतं. बाळंतपणाला, त्यातही सिझेरियनला, काही आठवडेच झाले असतील तर हे ओझं उचलणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

धाकट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?

पाठ सपाट होणारी सीट. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कमजोर. बसत्या सीटमध्ये हनुवटी छातीवर टेकली तर श्वासनलिका दबू शकते. म्हणूनच युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार, जन्मापासून वापरायच्या सीटची पाठ किमान १५० अंशांपर्यंत मागे झुकली पाहिजे.

इथेच खरेदीत फसगत होते. पुढे-मागे प्रकारच्या अनेक गाड्यांमध्ये दोनपैकी एकच सीट पूर्ण आडवी होते. 'नवजात बाळासाठी योग्य' हा शिक्का त्या एका सीटपुरता असतो. दुकानात दोन्ही सीट स्वतः पाडून बघा.

दुसरी गोष्ट बिजागरीची. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन या ब्रँडच्या सुमारे १० लाख बाबागाड्या अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून ते तुटल्याच्या १२ घटनांची नोंद झाली होती. कंपनीने बिजागरीवर लावायची आवरणं दिली. या यादीत दोन मुलांच्या गाड्याही होत्या. यातला धडा कुठल्याही ब्रँडला लागू पडतो: घडी घालताना आणि उघडताना थोरलं मूल हाताच्या अंतरावर नको. ओळखीतून किंवा ऑनलाइन जुनी गाडी घेत असाल तर मॉडेलचं नाव टाकून ती कधी परत बोलावली होती का, हे तपासा.

तिसरी गोष्ट उन्हाची. बाळ झोपलं की गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. चारही बाजूंनी कोरडं कापड टाकलं की आत हवा खेळत नाही आणि तापमान बाहेरपेक्षा वाढतं. एप्रिल-मे मध्ये हे धोक्याचं आहे. सावली करायची तर गाडीचं छप्पर वापरा, समोरची बाजू उघडी ठेवा आणि बाळ दिसत राहील असं बघा.

मग कोल्हापुरातल्या रस्त्यांवर ही गाडी बसते का?

नियमाप्रमाणे फुटपाथ असेल तर आरामात बसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना, म्हणजे आयआरसी १०३, सांगतात की चालण्यासाठी मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी. बाजारपेठेत ती आणखी जास्त हवी. १.८ मीटरमध्ये ७५ सेंटिमीटरच्या दोन डबल बाबागाड्या समोरासमोरून जाऊ शकतात.

याच सूचनांनुसार फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चढायच्या जागी १ ला १२ असा उतार असावा. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार. व्हीलचेअरला हेच लागतं, काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांनाही हेच लागतं.

प्रत्यक्षात महाद्वार रोड, ताराबाई रोड किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात चालणारा माणूस बहुतेक वेळ रस्त्यावरूनच चालतो. फुटपाथवर दुकानाबाहेर काढलेला माल असतो, लावलेल्या दुचाक्या असतात, विजेचा डीपी असतो. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे शनिवार-रविवारी आणि नवरात्रात ही गर्दी कैक पटींनी वाढते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. सीपीआर रुग्णालय त्याच्या शेजारीच. म्हणजे आजारी मूल घेऊन येणारे पालक आणि सहा जिल्ह्यांतून येणारे पक्षकार आता एकाच रस्त्यावर आहेत.

सगळा दोष फेरीवाल्यांवर टाकणंही सोपं आहे, पण अपुरं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा ठरवून द्यायची जबाबदारी पालिकेवर टाकली आहे. आणि फुटपाथवर गाडी लावणं हे मोटार वाहन नियमांनुसार सरळ उल्लंघन आहे. ते करणारे बहुतेक आपणच असतो.

कोर्टाने काय सांगितलंय?

१४ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या २०१२ पासून सुरू असलेल्या याचिकेत हा आदेश आला.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी याच प्रकरणात कोर्ट पुढे गेलं. राज्यांनी पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करावेत, असं सांगितलं. देशातल्या ५० मोठ्या शहरांना फुटपाथचं ऑडिट करायला सांगितलं. यामागची आकडेवारी गंभीर होती: २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातात १ लाख ७२ हजारांहून जास्त लोक गेले आणि त्यात ३५ हजारांहून जास्त पादचारी होते. म्हणजे दर पाचांतला एक.

ही ५० शहरं दहा लाखांवरची. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, त्यामुळे ऑडिटच्या यादीत ते बसत नाही. पण राज्याने करायचे नियम सगळ्याच शहरांसाठी आहेत आणि कलम २१ ला लोकसंख्येची अट नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्येच आणखी एक आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई.

कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता प्रत्येक प्रभागात लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक आहेत. फुटपाथची तक्रार घेऊन जायला पुन्हा एक दार उघडलं आहे.

मग घ्यायची की नाही?

आधी टेप घेऊन चार मापं काढा: घराचं दार, लिफ्टचं दार, सोसायटीचं छोटं गेट आणि कारची डिकी. यातलं सगळ्यात अरुंद माप तुमची गाडी ठरवतं. सीएनजी कार असेल तर डिकीत टाकी असते, घडी घातलेली डबल गाडी तिथे मावत नाही. पेठेतल्या जुन्या घरात उंबरा आणि दगडी पायऱ्या असतील तर ३० किलो रोज कोण उचलणार, हेही आधीच ठरवा.

मग दोन मुलांच्या वयातलं अंतर बघा.

• अंतर दोन वर्षांपेक्षा कमी: दोघंही बराच काळ गाडीत बसतील. डबल गाडीचा पैसा वसूल होतो. कॉलनीतले रस्ते रुंद असतील तर शेजारी-शेजारी, पेठेत राहत असाल तर पुढे-मागे प्रकार बरा.

• अंतर दोन ते तीन वर्षं: थोरलं वर्षभरात चालायला लागेल. साधी बाबागाडी आणि मागे उभं राहायची फळी पुरते. किंवा थोरलं गाडीत आणि धाकटं छातीशी बांधलेल्या कॅरिअरमध्ये. कॅरिअरमध्ये बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक-तोंड मोकळं हवं आणि हनुवटी छातीवर टेकता कामा नये.

• अंतर तीन वर्षांहून जास्त: डबल गाडी बहुतेक वेळा बाल्कनीत पडून राहते.

घ्यायचीच ठरली तर मोठी चाकं बघा, छोटी चाकं गटाराच्या जाळीत अडकतात. पाच बिंदूंचा पट्टा दोन्ही सीटला हवा. ब्रेक एका पायाने लागला पाहिजे. प्रत्येक सीटची वजनमर्यादा वेगळी वाचा. आणि भाजीची पिशवी हँडलला अडकवू नका, थोरलं मूल उतरलं की गाडी मागे उलटते.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी ओळखीच्यांची गाडी एक दिवस मागून घ्या आणि घरापासून दवाखान्यापर्यंत रिकामीच ढकलून बघा. वाटेत जिथे रस्त्यावर उतरावं लागलं, तिथला फोटो काढा. जागेचं नाव, तारीख आणि अडथळा लिहून तो महापालिकेकडे आणि आपल्या नगरसेवकांकडे लेखी द्या, पोच घ्या. त्याच जागी व्हीलचेअरही अडते. त्यामुळे गल्लीतल्या दोन-चार घरांच्या सह्या मिळायला फार वेळ लागणार नाही.