देवांची आसक्ती, माणसांचा संसार

ग्रीक आणि रोमन पुराणांतील प्रेमकथांचे जे संग्रह बाजारात येतात, त्यांच्या अनुक्रमणिकेत अपोलो आणि डॅफ्नी, ज्युपिटर आणि युरोपा, प्लूटो आणि प्रोसर्पिना ही नावे इतक्या निःशंकपणे शेजारी शेजारी बसवलेली असतात, की मूळ काव्य उघडून पाहणाऱ्या वाचकाला आपण भलतेच दप्तर सोडले की काय, असा संभ्रम पडावा. कारण या तिन्ही कथांत कामना एकाच पक्षाची आहे, आणि दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला पळणे, फसणे किंवा उचलून नेले जाणे एवढेच आले आहे.

डॅफ्नीचीच हकिकत पाहा. ऑव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या पंधरा सर्गांच्या महाकाव्यात ती पहिल्याच सर्गात येते. विवाहाला विन्मुख आणि अरण्यात रमणारी ही नदीदेवाची कन्या जिवाच्या आकांताने पुढे धावत असता, अपोलो मागून तिला डेल्फी, क्लारोस आणि टेनेडोस ही आपली ठाणी ऐकवतो, ज्युपिटर आपला पिता असल्याचे बजावतो, आणि आपण कोणी मेंढपाळ नव्हे, हेही सांगण्यास विसरत नाही. प्रेमयाचना करण्याऐवजी एखाद्या जहागीरदाराने रयतेपुढे सनदा वाचाव्यात, असा हा प्रकार आहे. कवीने या धावेला शिकारी कुत्रा आणि ससा यांची उपमा दिली आहे, आणि डॅफ्नीचा लॉरेल वृक्ष झाल्यावरही त्याचे लाकूड देवाच्या चुंबनांपासून अंग चोरते, असे नमूद केले आहे. तथापि देवाचा हक्क संपत नाही. पत्नी होऊ शकत नाहीस तर माझा वृक्ष हो, असे फर्मान काढून तो तिची पाने विजयी सेनापतींच्या मस्तकी आणि ऑगस्टसच्या द्वारी नेऊन ठेवतो. ते द्वार लॉरेलने सजवण्याचा ठराव रोमच्या सिनेटने इ.स.पू. 27 मध्ये खरोखरच केला होता. (त्याच ऑगस्टसने इ.स. 8 मध्ये या कवीला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस गावी हद्दपार केले.) 1622 ते 1625 या काळात बर्निनीने घडवलेले संगमरवरी शिल्प रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे, त्यातील डॅफ्नीचे आक्रोशाने उघडलेले तोंड ज्याने पाहिले, त्याने ही कथा संग्रहकारांपेक्षा अधिक नीट वाचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो, तो असा की, संमतीची आजची मापे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काव्याला लावणे हा अन्याय होय. आक्षेप वजनदार दिसतो खरा. परंतु ही मापे त्याच काव्यात आहेत. सहाव्या सर्गात अराक्नी नावाची एक विणकर मुलगी साक्षात मिनर्व्हा देवीशी मागावर स्पर्धा करते, आणि देवी आपल्या वस्त्रावर देवसभेचे वैभव व उर्मट मर्त्यांची शासने विणीत असता, ही मुलगी बैल होऊन युरोपेला पळवणारा, हंस होऊन लीडेकडे गेलेला, सुवर्णरूपाने डॅनेईच्या बंदिशाळेत शिरलेला ज्युपिटर एकापुढे एक विणून ठेवते. देवांविरुद्धची ती एक रीतसर फिर्यादच आहे. त्या कामात मिनर्व्हाला एकही उणीव काढता येत नाही, म्हणून ती ते वस्त्र फाडते आणि हातातला धोटा विणकरणीच्या कपाळावर हाणते. फिर्यादीचा निकाल असा लागतो. अराक्नीच्या वस्त्रावर अल्कमीनीही आहे, जिच्याकडे ज्युपिटर तिच्या नवऱ्याचे, अँफिट्रिऑनचे, रूप घेऊन गेला होता. गौतमाचे रूप घेऊन आश्रमात शिरलेल्या इंद्राची गोष्ट आपल्याकडे शतकानुशतके सांगितली जात आहे, पण तिला प्रेमकथा म्हणण्याचे धाडस कोणा कीर्तनकाराने केल्याचे ऐकिवात नाही.

मग या पुराणांत प्रेम नाहीच की काय? आहे, आणि विपुल आहे. फक्त ते बहुधा माणसांच्या, त्यातही संसारी माणसांच्या घरी आहे. फ्रिजियातील बॉसिस आणि फिलेमॉन हे वृद्ध दांपत्य, हजार घरांनी दार लावून घेतलेल्या दोन अनोळखी पाहुण्यांसाठी, डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली खापरी सरकवते, आणि ते पाहुणे देव निघाल्यावर वर मागते त्यांतला एक असा, की दोघांना एकाच घटकेला मरण यावे. अल्सायोनी आणि सीइक्स यांची कथा याहून विस्तृत. डॅफ्नीला शंभराहून थोड्या अधिक ओळी देणाऱ्या ऑव्हिडने अकराव्या सर्गात या पतिपत्नींसाठी तीनशेहून अधिक ओळी खर्चिल्या आहेत. क्लारोसच्या देववाणीसाठी समुद्रमार्गे निघालेल्या पतीला ती अडवते, आणि वाऱ्यांचा अधिपती इओलस हा तिचा पिता असल्यामुळे वारे काय करू शकतात हे तिला माहेरीच समजलेले असते. तो वादळात बुडतो तेव्हा तोंडात पाणी भरेपर्यंत तिचेच नाव घेत असतो. आणि ती मात्र, हे काहीच ठाऊक नसल्याने, त्याच्या सुखरूप परतीसाठी जूनोच्या वेदीवर रोज धूप जाळीत राहते, इतकी की मृतासाठी चाललेली ती प्रार्थना अखेर देवीलाच असह्य होते. शेवटी दोघांचे खंड्या पक्षी होतात. जुन्या परंपरेतील एका कथेप्रमाणे हे रूपांतर म्हणजे शिक्षा होती, कारण ती दोघे एकमेकांस झ्यूस आणि हेरा म्हणवीत. ऑव्हिडने हा उद्दामपणाचा आरोपच गाळून टाकला, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या काव्यातील हा सर्वांत न्यायी निर्णय होय.

ऑर्फियसविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याची कीर्ती गरजेपेक्षा अधिक झाली आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मधील एक वक्ता तर, पतीच्या जागी मरण पत्करणाऱ्या अल्सेस्टिसच्या तुलनेत, पत्नीसाठी जिवंतपणीच पाताळात शिरू पाहणाऱ्या या गवयाला भित्रा ठरवतो.

या साऱ्यांत मी अग्रस्थान देईन ते ‘ओडिसी’ला. कॅलिप्सो ही देवी ओडिसियसला अमरत्व देऊ करते तेव्हा, माझी बायको पेनेलोपी रूपात तुझ्याहून उणी आहे, मर्त्य आहे, हे सारे कबूल करूनही मला घरीच जायचे आहे, असे तो तिला सांगतो. वीस वर्षांनी तो परततो, आणि पेनेलोपी त्याच्या गळ्यात पडण्याऐवजी त्याची परीक्षा घेते: जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यातून त्याने घडवलेला, जागचा हलूच न शकणारा पलंग ती बाहेर काढायला सांगते, आणि तो संतापतो तेव्हाच तिची खात्री पटते. (त्याच दिवशी वाड्यातील बारा दासींना फाशी दिली गेली आहे, हेही होमर लपवीत नाही, माणसांच्या प्रेमकथा निष्कलंक असतात, असा माझा दावा नाही.) मग ती दोघे रात्रभर बोलतात, वाड्यात घुसलेल्या वरांनी मांडलेला उच्छाद ती सांगते, आणि तो आपल्या प्रवासात कॅलिप्सोलाही वगळत नाही. उजाडताच ओडिसियस मळ्यावर वडिलांना भेटायला निघतो, आणि निघताना बायकोला घरची मालमत्ता सांभाळायला सांगून, वरांनी फस्त केलेल्या कळपांपैकी बरेच आपण लुटून आणू व उरलेले लोकांकडून वसूल करू, गोठे पुन्हा भरेपर्यंत, असा भरपाईचा हिशेबही देऊन जातो.