मरणाची मोजणी आणि गावचे दप्तर

कोरोनाच्या साथीत कोणत्या देशात किती माणसे दगावली याचे आकडे आपण रोज वाचत होतो. कुठे आकडा फार, तर कुठे अगदीच कमी. कमी आकडा म्हणजे चोख कारभार, असे मात्र समजू नका. पुष्कळदा फरक असतो तो मापाचा.

बेल्जियमने २०२० साली वृद्धाश्रमात तपासणीविना वारलेले संशयित रुग्णही कोरोनात धरले. साहजिकच, लोकसंख्येच्या मानाने त्या छोट्या देशाचा आकडा मोठा दिसला. इंग्लंडने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले, की तपासणीत रोग निघाल्यापासून २८ दिवसांत वारला तरच मोजायचा. त्यासरशी ब्रिटनच्या यादीतून पाच हजारांवर मृत्यू कमी झाले. पेरू देशात उलटे घडले. ३१ मे २०२१ रोजी फेरमोजणीनंतर ६९ हजारांचा आकडा १ लाख ८० हजारांवर गेला. मेलेली माणसे तीच, फक्त माप बदलले.

मग खरे कसे कळावे? पीकविम्यातले उंबरठा उत्पन्न आठवा. तिथे एकेका झाडाची चौकशी होत नाही. मागल्या वर्षांच्या हिशेबाने किती यायला हवे होते आणि कापणी प्रयोगात किती आले, एवढेच पाहतात. तसेच इथे. दरवर्षी साधारण किती माणसे जातात आणि साथीच्या वर्षी किती गेली, यातला फरक म्हणजे 'जादा मृत्यू'. उपचार न मिळाल्याने इतर दुखण्यांनी गेलेलेही त्यात येतात. या हिशेबाने जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू धरले. देशांनी कळवलेले होते ५४ लाख.

भारतासाठी संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा, तर सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास. केंद्र सरकारने संघटनेची पद्धत अमान्य केली. मात्र आपल्याच नोंदणीत २०२० साली ८१ लाख मृत्यू आहेत आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली म्हणून काही वाढ झाली असेल. पण सगळी वाढ तेवढ्याने होत नाही. हा वाद मिटत नाही, कारण दप्तरच अपुरे. नोंदलेल्या चार-पाच मृत्यूंत जेमतेम एकाचे कारण डॉक्टरने लिहून दिलेले असते.

हे दप्तर दिल्लीत नव्हे, आपल्या ग्रामपंचायतीत तयार होते. ज्याच्या नावावर जमीन, त्याची नोंद सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी का होईना, होते. म्हातारी आई, तान्हे लेकरू यांची राहून जाते. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत कळवावे, दुखणे काय होते ते खरे सांगावे. पंचायतीतील कर्मचाऱ्यांनीही 'उद्या या' म्हणून माणसाला परत पाठवू नये. पुढची साथ आली, तर औषध आणि डॉक्टर आधी कुठे पाठवायचे हे याच वहीवरून ठरणार आहे. वहीत नसलेल्या माणसासाठी कोणी धावून येत नाही.