आजीच्या ओव्या आणि पिंपातला मोबाईल

परवा सकाळी आम्ही दात घासत होतो, तोच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. आमच्याच वस्तीतली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील बिगारी काम करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. पोर होतकरू, अभ्यासिकेत सर्वांत उशिरापर्यंत बसणारी. डोळे रडून लाल झालेले.

"काका, फोन पाण्याच्या पिंपात पडला."

वाचकहो, आमच्याकडे नळाला पाणी पहाटे पाचला येते. जिन्यातला दिवा कधीचा गेलेला. म्हणून ही मुलगी मोबाईलची बॅटरी दातात धरून हंडे भरत होती. (मोबाईल दातात धरण्याची कला आमच्या वस्तीत पोराटोरांनाही येते.) तोल गेला आणि आठ हप्त्यांवर घेतलेला फोन तळाशी गेला.

आम्ही म्हणालो, "अगं, फोन काय, पुन्हा येईल."

"फोनचं नाही हो काका. आजी होती त्यात."

तिची आजी दोन वर्षांपूर्वी वारली. म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बाबासाहेबांवरच्या, भीमजयंतीच्या, माहेरच्या. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते, पण ओवीला ओवी जोडत तासभर बसायची. नातीने तिचा आवाज मोबाईलवर भरून घेतला होता. शिवाय ही पोर गेली तीन वर्षे रोज रात्री वस्तीविषयी चार ओळी त्यातच लिहीत असे. कुणाचे लग्न ठरले, कुणाचे काम सुटले, पाण्याच्या रांगेत काय बोलणे झाले. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

दुरुस्तीवाल्याकडे आम्ही तिच्याबरोबर गेलो. त्याने फोन उघडून पाहिला आणि सांगितले, मदरबोर्ड गेला. आम्ही म्हणालो, "आतला साठा काढून दुसऱ्या फोनात बसव." तो हसला. पूर्वी तसे जमायचे. अलीकडच्या फोनमध्ये आतला सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाची किल्ली मुख्य चिपमध्ये असते. चिप मेली की साठा शाबूत असूनही उघडत नाही. अँड्रॉइड १० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हापासून नव्या फोनना हे बंधनकारकच आहे. चोराच्या हाती आपले फोटो, बँकेचे काम पडू नये म्हणून ही सोय. चोरासाठी लावलेल्या कुलपात मालकीणच बाहेर राहिली. इंटरनेटवर प्रत राहिली असती, पण फुकटची जागा भरलेली आणि डेटा वाचवायचा म्हणून तिने ते बटणच बंद ठेवलेले.

परतताना ती जे बोलली ते आमच्या मनात घर करून बसले. म्हणाली, "काका, मी काल रात्रभर आजीची एक तरी ओवी आठवते का पाहिलं. पहिली ओळ येते, दुसरी येत नाही. फोनात आहे म्हणून मी कधी ऐकलंच नाही मन लावून. आजीला एवढ्या पाठ होत्या, मला एक नाही."

आम्ही गप्प. कारण आमची गत निराळी नाही. एके काळी गिरणीतल्या मुकादमापासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांचे नंबर तोंडपाठ होते. आज आम्हाला थोरल्या मुलाचा नंबर सांगता येत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचेच होते असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप, फेसबुक सगळे एकदम बंद पडले. आमच्या वस्तीत निम्म्या लोकांना वाटले रिचार्ज संपला, म्हणून ते दुकानावर धावले! झाले होते असे की देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्या कंपनीचे सगळे जाळेच जगापासून तुटले. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर चालत होती, तीही बंद. कारभार रुळावर यायला सहा तासांच्या आसपास लागले.

आता मुलीपुढे दुसरे संकट होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, त्याला ओटीपी लागतो आणि मुदत चार दिवसांवर. पोर घाबरली होती. तिला आम्ही सांगितले ते इथेही सांगतो, कारण बऱ्याच घरांत हा घोळ होतो. ओटीपी फोनला येत नाही, सिमकार्डाच्या नंबरला येतो. कार्ड कोरडे करून वडिलांच्या जुन्या बटणाच्या फोनात घातले, आणि दुसऱ्या मिनिटाला सहा आकडे आले. अर्ज सायबर कॅफेत भरला. मात्र रिचार्ज फार दिवस बंद राहू देऊ नये. नंबर जातो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग तुमचे आकडे त्याच्याकडे. पैशांचेही तेच. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय *९९# फिरवून पैसे पाठवता येतात, मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे हीसुद्धा सोय आहे. आमच्या वाण्याला हे पटवायला अर्धा तास गेला, ते असो.

आम्ही तिला म्हणालो, आजीची धाकटी बहीण गावी आहे ना? तिला काही ओव्या येत असतीलच. पोरीचा चेहरा उजळला. म्हणाली, "येतात. पण ती आजीपेक्षा वेगळ्या चालीत म्हणते." म्हटले, वेगळ्या तर वेगळ्या. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, दिवाळीची वाट बघू नकोस.

ती पुढच्याच रविवारी एसटीने गेली. सोबत दोनशे पानी वही आणि भावाचा मोबाईल, दोन्ही. आधी कानाने ऐकायचे, मग वहीत लिहायचे, मग आवाज भरायचा, असा तिनेच क्रम ठरवला. सोमवारी रात्री भावाच्या फोनवरून तिने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आम्हाला पाठवला. अकरा ओव्या. खाली म्हातारीचे नाव, गाव आणि तारीख.

आमच्या मोबाईलवर तो उघडेना. जागा भरली होती. मग चष्मा लावून बसलो आणि सुप्रभातची तीनशे फुले एकेक करून पुसली.