आधी अडचण, मग खरेदी

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. विजेच्या वस्तूंसाठी ती प्रसिद्ध आहे. दिवे, तारा, बटणे सारे तेथे मिळते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुष्कळ लोकांची कचेरी घरात आली. टाळेबंदी उठली, तरी काही जण आजही घरून काम करतात. महाग संगणक घेतला म्हणजे काम चांगले होईल, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.

माझ्या मते आधी अडचण शोधावी. उजेड कमी असेल, तर दिवा घ्यावा. ९ वॅटचा एलईडी बल्ब जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. मान दुखत असेल, तर लॅपटॉप उंच ठेवावा व वेगळा कीबोर्ड जोडावा. वीज गेली, तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो. पण राउटर बंद पडतो आणि इंटरनेट तुटते. त्याला छोटा यूपीएस पुरतो.

मुलांनो, घरातले पैसे कष्टाचे असतात. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी अडचणींची यादी करा. शेजाऱ्याकडे काय आहे, ते त्या यादीत लिहू नका.